जुन्या टोपोशीटवरून गावाचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

विदर्भातल्या कितीतरी गावांच्या शिवारात एखादं रीठ असतं. कागदावर मौजा वेगळा, सातबारे वेगळे, पण राहतं घर एकही नाही. दोन-चार चिंचा, बुजलेली विहीर, शेंदूर लावलेला मारुतीचा दगड आणि पावसाळ्यानंतर वर येणारी खापरं, एवढंच उरलेलं. अशी उठून गेलेली गावं शोधायला एक इंचाला एक मैल प्रमाणाच्या जुन्या टोपोशीटसारखं, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या वस्त्या, नाले, रस्ते दाखवणाऱ्या नकाशासारखं, दुसरं साधन नाही. अलीकडे या शीटा मोबाइलवर मिळू लागल्या, आणि सोबत मेटल डिटेक्टरही घरपोच यायला लागला. पहिल्या गोष्टीने गावाचा हरवलेला इतिहास हाती लागू शकतो. दुसरीने तो कायमचा नासूही शकतो. म्हणून दोन्हींबद्दल सविस्तर लिहितोय.

छापल्याचं साल म्हणजे पाहणीचं साल नव्हे

शीट हाती आली की आधी समास वाचा. तिथे पाहणी कधी झाली, दुरुस्ती कधी झाली आणि छपाई कधी झाली, हे वेगवेगळं दिलेलं असतं. बरेच जण सगळ्यात ठळक साल उचलतात आणि "अमुक साली हे गाव नांदतं होतं" असं लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात पाहणी त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीची असू शकते. दुरुस्तीच्या वेळी रेल्वे आणि मोठे रस्ते तेवढे नव्याने काढले आणि वस्त्या जुन्याच ठेवल्या, असंही होऊ शकतं. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. तेव्हा नकाशावर रूळ दिसले तर नकाशा त्यानंतरचा, एवढंच ठरतं. त्याच नकाशातली झोपडी न् झोपडी रुळांच्या वेळची आहे, असं ठरत नाही.

मोबाइलचा ठिपका डोळे मिटून मानू नका

सगळ्यात जास्त पायपीट या चुकीमुळे होते. नकाशा काढताना पृथ्वीचा एक आकार गृहीत धरतात. जुन्या टोपोशीटा एव्हरेस्ट गोलाभ या आकारावर बेतलेल्या आहेत आणि मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या आकारावर चालतो. शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये टाकले की आपल्याकडे शंभर-दोनशे मीटरचा फरक पडतो. एवढ्यात रीठ नाल्याच्या पलीकडे जातं आणि आपण भलत्याच्याच तुरीत उभे राहतो.

त्याहून जुन्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या कित्येक नकाशांत आणखी एक गोम आहे. त्यांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशाचं जुनं, किंचित चुकलेलं मूल्य धरून मोजलेले आहेत. ते जुळवायला साधारण २ मिनिटं २७ सेकंद वजा करावी लागतात. पुष्कळदा तशी बारीक टीप समासात असते. ती नजरेतून सुटली तर विदर्भात सव्वाचार किलोमीटरची चूक होते, म्हणजे आपण सरळ दुसऱ्याच गावात पोचतो.

यावर उपाय असा, की क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शीट आजच्या नकाशाशी जोडताना कोपऱ्यांच्या आकड्यांवर विसंबू नका. जागा न बदललेल्या चार-सहा खुणा घ्या: टेकडीवरचं देऊळ, रेल्वेचा जुना पूल, त्रिकोणमितीय पाहणीचं ठाणं, तीन शिवारं जिथे मिळतात तो दगड. नदीचं वळण मात्र घेऊ नका. वर्धा असो की वैनगंगा, काठ सरकतो. भारताची ही त्रिकोणमितीय पाहणी ज्याने सुरू केली तो विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटलाच वारला. त्याची कबरही तिथेच आहे. नकाशांवर काम करणाऱ्याने एकदा तरी तिथे जाऊन यावं.

शीटचे क्रमांकही समजून घ्या. नागपूर शहर ५५ ओ/४ वर येतं. ८० रेखांशाच्या पूर्वेला, गोंदियाकडे, ६४ ची मालिका लागते आणि २० अक्षांशाच्या दक्षिणेला ५६ ची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नव्या ओपन सीरिज नकाशांना वेगळे क्रमांक आहेत, पण ते डब्ल्यूजीएस-८४ वरच असल्यामुळे ताळा करायला उत्तम.

नावं आणि खुणा घाईने वाचणं

चांदा म्हणजे चंद्रपूर, एलिचपूर म्हणजे अचलपूर, बासिम म्हणजे वाशीम, वून म्हणजे वणी, एवढं बहुतेकांना माहीत असतं. फसगत होते ती लहान गावांत. पिंपरी, बोरगाव, पिंपळगाव हरेक तालुक्यात आहेत, आणि खुर्द-बुद्रुक नकाशावर कधी असतं, कधी नसतं. रोमन अक्षरांतून ड-ळ-र यांचा घोळ होतो तो वेगळाच. नाव जुळलं म्हणून गाव जुळलं असं समजू नका. शेजारची तीन गावं आणि नाला जुळला पाहिजे.

खुणांमध्ये दोन फार मोलाच्या आहेत. गावाच्या नावाखाली कंसात वाराचं नाव दिसलं तर तो आठवडी बाजाराचा दिवस. आज जिथे चहाची टपरीही नाही अशा ठिकाणी मंगळवार लिहिलेला सापडतो, आणि मग चार रस्ते तिथेच का मिळत होते ते लक्षात येतं. दुसरी खूण नाल्यांची. कोरडं पात्र काळ्या रेघेने दाखवतात, पाणी निळ्याने. वस्ती निळ्याच्या जवळ होती की काळ्याच्या, यावरून ती का उठली याचा विचार सुरू करता येतो.

विचार सुरू करता येतो, एवढंच. "पेंढाऱ्यांनी गाव लुटलं" ही गोष्ट जवळपास प्रत्येक रिठाला चिकटवलेली असते. पटकी, प्लेग, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, आटलेली विहीर, पुराला कंटाळून उंचावर हललेली वस्ती, यातलं काहीही कारण असू शकतं. आजीला विचाराल तर ती म्हणेल, "थे गाव तं आमच्या बुढ्याच्या बी आधी उठलं." ते तसंच लिहून ठेवा, त्यात आपली भर नको.

टोपोशीटवरच थांबणं

नकाशा जागा दाखवतो, माणसं कागदांत सापडतात. पण वऱ्हाड आणि नागपूरकडचा भाग यांचा महसुली इतिहास एक नाही. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा; नागपूर-भंडारा-चांद्याकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा. त्यामुळे पूर्वेकडे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे गावाच्या हक्क-वहिवाटीचे कागद बघा. चराईची जागा, पांदण, तलावाचं पाणी कोणाचं, हे त्यात सापडतं. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव टोपोशीटवर बांधाच्या रेघेसकट दिसतात, ते या कागदांशी ताडून बघण्यासारखे आहेत. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत निर्जन गावंही नावानिशी दिलेली आहेत. तोतलाडोह, ऊर्ध्व वर्धा, इसापूर, गोसीखुर्द यांच्या पाण्याखालची गावं शोधत असाल तर धरणाआधीची शीट आणि पुनर्वसनाचे कागद सोबत ठेवा.

डिटेक्टर घेऊन रिठावर जाणं

हे करूच नका. शिवारातली पांढरी माती म्हणजे जुन्या वस्तीची जागा. तिथे हातभर खणलं तरी थरांचा क्रम मोडतो, आणि वस्तू कोणत्या थरातली हे कळलं नाही तर तिच्यावरून काळ ठरवणं अवघड होतं. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथे महापाषाण काळातली शिळावर्तुळं, म्हणजे मोठ्या दगडांची गोल दफनस्थळं, आहेत आणि त्यांत लोखंडी वस्तू निघाल्या आहेत. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली. डिटेक्टर वाजेल तो अशाच ठिकाणी, आणि नुकसानही तिथेच सगळ्यात जास्त होईल.

कायदाही स्पष्ट आहे. संरक्षित स्थळावर परवानगीशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, मग शेत स्वतःचं का असेना. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. शिवाय वाजणारं यंत्र घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल गावात एकच गोष्ट पसरते: गुप्तधनवाले आले. त्यानंतर तुमच्याशी कोणी मोकळं बोलणार नाही, आणि तोंडी इतिहासाचं दार बंद होईल.

स्वतःच्या शेतात वखराची पास, ट्रॅक्टरची पिन किंवा हरवलेलं जोडवं शोधायला डिटेक्टर कामाचा आहे. पण काळ्या मातीत तो उगाच वाजतो, कारण बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत लोहखनिजाचे कण असतात. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वगळायची यंत्राची जुळणी, त्याच वावरात, धातू नसलेल्या जागी करा, आणि माती कोरडी-ओली बदलली की पुन्हा करा. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा. मोटारपंपाची केबल, तारेचं कुंपण, विजेची मोठी लाइन यांच्यापासून लांब राहा, मोबाइल खिशातून काढून धुऱ्यावर ठेवा. खरा इशारा दोन्ही बाजूंनी फिरवला तरी त्याच जागी येतो, मातीचा भटकतो.

नांगरताना नाणं किंवा मूर्ती वर आलीच तर चिंच लावून घासू नका, सोनाराकडेही नेऊ नका. आहे तिथे फोटो काढा, सोबत पट्टी किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे माप कळेल. गट नंबर, खोली आणि तारीख लिहा आणि पटवारी-तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. नाणी ओळखायला नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय आहे. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. ठिकठिकाणी सापडलेली जुनी नाणी १८६३ पासूनच्या या संग्रहालयात जपलेली आहेत. तिथे जाताना फोटोसोबत टोपोशीटची प्रतही न्या, आणि सापडल्याची जागा तिच्यावर पेन्सिलीने दाखवा.