विद्यापीठाला पैसे द्यायचेत? आधी कागद लिहा

"पैसे द्यायला पण अर्ज करायचा काय गो?" शेजारच्या अण्णांनी मला विचारलं. त्यांच्या पत्नीला, आमच्या काकींना, जाऊन वर्ष झालं होतं. काकींच्या नावाने विद्यापीठाला पाच लाख द्यायचे आणि त्यातून हापूसमधल्या साक्यावर, म्हणजे पिकलेल्या फळाच्या गरात होणाऱ्या स्पंजासारख्या बिघाडावर, संशोधन करून घ्यायचं, असं अण्णांनी ठरवलं होतं. मी एका विद्यापीठाच्या लेखा शाखेत एकतीस वर्षं काढून गुहागरला परतलेली, म्हणून अण्णा चेकबुक घेऊनच आले. मी ते आधी माझ्या कपाटात ठेवलं.

देणगी आणि संशोधन अनुदान यांची खाती वेगळी, रीतही वेगळी. देणगी दिली की ती विद्यापीठाची. अनुदान मात्र देणाऱ्याच्या नजरेखालीच खर्च होतं. उपकरणं, मनुष्यबळ, प्रवास, किरकोळ खर्च असे रकाने आधी ठरतात आणि एका रकान्यातले पैसे दुसऱ्यात विचारल्याशिवाय नेता येत नाहीत. केंद्र सरकारच्या अनुदानावरचं व्याजसुद्धा परत सरकारच्या तिजोरीत भरावं लागतं, आणि दरसाल उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत यूसी, पाठवावं लागतं. यूसी अडकली की पुढचा हप्ता अडकतो. मार्च महिन्यात प्राध्यापक आमच्या टेबलासमोर का उभे असत, ते आता कळलं असेल.

अण्णांना हवं होतं अनुदान, देत होते देणगी. आणि साक्यासाठी पाच लाख? वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं. नीलम आणि हापूसच्या संकरातून तिथे तयार झालेला, साका नसलेला 'रत्ना' १९८१ मध्ये बाहेर आला. त्याचा पुन्हा हापूसशी संकर करून झालेला 'सिंधू' १९९२ मध्ये. कलम लावायचं, ते फळावर यायची वाट बघायची, मग वर्षानुवर्षं फळं कापून तपासायची. हे पाच लाखांचं आणि तीन वर्षांचं काम नव्हे. आपल्या रकमेत जे पुरं होईल तेच मागावं: एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंधाचा खर्च, बागांतले नमुने, प्रयोगशाळेतल्या तपासण्या. अण्णा थोडे हिरमुसले, पण पटलं त्यांना.

मग अण्णा वळले कायम निधीकडे. मुद्दल ठेवीत ठेवायचं, व्याजातून बक्षीस किंवा शिष्यवृत्ती द्यायची. नाना, म्हणजे जगन्नाथ, शंकरशेट १८६५ साली गेले. १९१२ मध्ये आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले, तेव्हा त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. माणूस जाऊन ४७ वर्षं झाली तरी नाव चालू होतं. पण नाव चालू राहणं आणि रकमेला किंमत उरणं, या दोन गोष्टी वेगळ्या. आमच्याकडे जुन्या काळी कुणी पाच हजार ठेवून 'दरसाल पाचशे रुपये द्यावेत' असं लिहून दिलेलं होतं. मी निवृत्त होईपर्यंत त्या पाचशे रुपयांचा चेक न्यायला मुलं येईनाशी झाली होती, आणि रक्कम बदलायची तर दात्याची सही हवी. दाता कुठला आता!

म्हणून कागदात आकडा लिहू नका, वाटा लिहा. पाच लाखांवर साडेसहा टक्क्यांनी ३२,५०० रुपये व्याज येतं. त्यातले पाव, म्हणजे ८,१२५, दरसाल मुद्दलात मिळवावेत आणि उरलेले २४,३७५ द्यावेत, असं अण्णांच्या कागदात मी घातलं. दुसरं कलम त्याहून महत्त्वाचं: तो विषय किंवा अभ्यासक्रम बंद झाला तर निधी कशाला वापरायचा? हे नसेल तर पैसे नुसते पडून राहतात. एखाद्या वर्षी योग्य विद्यार्थी मिळाला नाही तर त्या वर्षीच्या व्याजाचं काय, तेही लिहा.

वस्तू द्यायची असेल तर आधी विभागाला विचारा. एका दात्याने हौसेने पाठवलेलं यंत्र आमच्याकडे दोन पावसाळे खोक्यातच होतं, कारण ते बसवायला खोली नव्हती. खारी हवा खोक्यातही शिरते. जमिनीचं तर नावच काढू नका. बक्षीसपत्राची नोंदणी लागते, आणि कोकणातला सातबारा म्हणजे सतरा नावं, त्यातली सहा मुंबईत आणि दोन वारलेली. आधी वाटणी करा, मग दानशूरपणा.

अर्ज कुलसचिवांच्या नावे करावा. स्वीकृतीचा निर्णय कृषी विद्यापीठात कार्यकारी परिषदेचा, इतरत्र व्यवस्थापन परिषदेचा. स्वीकृतीचं पत्र हातात आल्यावरच चेक, आणि तो कुणाच्या नावे काढायचा ते त्या पत्रातच बघा. विभागप्रमुखांच्या हातात पाकीट कधीच नाही, ते कितीही सज्जन असले तरी. दोन हजारांवर रोख दिलीत तर करात सवलत नाही. सवलतीसाठी पॅन द्या, विद्यापीठाला मान्यता आहे का ते विचारा, आणि नुसत्या पावतीवर न थांबता ऑनलाइन निघणारं देणगी प्रमाणपत्र मागा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण लोकांच्या तोंडी अजून देणगीच्या सवलतीचं जुनं कलम 'ऐंशी जी'च आहे. तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत तुम्हाला नाहीच.

अण्णांच्या घरातला एक गुंता राहिला होता. मुलगा मस्कतला, नातू अमेरिकेत, दोघांनाही भर घालायची होती. मुलाचा पासपोर्ट भारतीय. त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. नातू अमेरिकी नागरिक, त्यामुळे त्याचे पन्नास डॉलरसुद्धा विदेशी. ते घ्यायला विद्यापीठाकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांवरच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा सूट हवी, आणि नोंदणी असेल तर पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. नातवाला मी सांगितलं, तू सुट्टीत ये आणि आजीच्या नावचं पहिलं बक्षीस बघून जा.

कागद तीनदा लिहिला. तिसऱ्या वेळी अण्णांनी काकींचं माहेरचं नावही घालायला लावलं. अर्ज गेलाय, परिषदेची सभा व्हायची आहे. चेकबुक अजून माझ्याच कपाटात आहे.