मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे: पिसवांचं औषध कसं निवडावं

मागच्या श्रावणात आमच्या चिपळूणच्या घरात पिसवा झाल्या. आमची मांजर सोनी शेपटीच्या मुळाशी सारखी दातांनी कुरतडत बसायची, आमचा कुत्रा भुऱ्या रात्रभर पाय आपटत खाजवायचा, आणि माझ्या घोट्यांवर लाल ठिपक्यांची रांग उठलेली. औषधाच्या दुकानात गेले. भुऱ्यासाठी मानेवर टाकायचे थेंब मिळाले. मांजराचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "ह्यातलंच अर्धं टाका, काय होत नाय." घरी येऊन चष्मा लावून डबी वाचली, तर मागच्या बाजूला मांजराच्या चित्रावर फुली. ते अर्धं टाकलं असतं तर कदाचित रात्री सोनीला झटके येत असताना डॉक्टर शोधत फिरावं लागलं असतं. म्हणून हा लेख.

आधी पिसवाच आहेत ना, ते बघा

खाज गोचिडांनीही येते, उवांनीही, खरजेनेही, आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. उवांची बारीक फणी घ्या आणि कंबरेपासून शेपटीपर्यंत, मग मानेखाली, कातडीला टेकवून फिरवा. फणीत काळी कणी येईल, वाटलेल्या मिऱ्यासारखी. ती ओल्या पांढऱ्या कागदावर झटका आणि मिनिटभर थांबा. माती असेल तर काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणीभोवती तांबूस वर्तुळ पसरतं, कारण ते तुमच्या जनावराचंच पचलेलं रक्त असतं. जिवंत पिसू सापडलीच तर चिमटीत चिरडत बसू नका. फणी साबणाच्या पाण्यात बुडवली की काम होतं.

त्याच वेळी शेपटीखालीही नजर टाका. तिथे किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. खाजवताना जनावर पिसू गिळतं आणि तिच्या पोटातून हा जंत आत जातो. मग पिसवांबरोबर जंतांचंही औषध लागेल.

घरातल्या सगळ्यांची यादी करा

कोण, किती वयाचा, किती वजनाचा, गाभण आहे का, पिल्लांना पाजतेय का, पूर्वी कधी आकडी आलीय का. वजन अंदाजाने लिहू नका. भुऱ्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले, मग एकटी उभी राहिले, वजाबाकी केली: १४ किलो. मी दहा धरून बसले होते. थेंब आणि गोळ्या दोन्ही वजनाच्या टप्प्यांनुसार मिळतात, त्यामुळे ही चूक महागात पडते. शिवाय एकालाच औषध लावून दुसऱ्याला सोडलं तर उपयोग नाही. खाजवत नसलेल्यालाही त्याच दिवशी द्यायचं. अॅलर्जी नसलेलं जनावर पिसवा अंगावर बाळगूनही शांत असतं.

मग डबीवरची बारीक अक्षरं वाचा

ब्रँडचं नाव विसरा, आत काय आहे ते शोधा. शेवटी 'थ्रिन' असलेलं नाव दिसलं, जसं परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, तर ते मांजरापासून लांब ठेवायचं. कुत्र्याचं यकृत परमेथ्रिन मोडून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. डोस अर्धा केला म्हणून हा फरक भरून निघत नाही. हे थेंब लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणारी किंवा त्याला चाटणारी मांजरही आजारी पडू शकते. गळपट्ट्यांतही असा घटक असतो, तेव्हा डबीवर 'मांजरांसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो मांजराच्या गळ्यात नको. गोचिडांसाठी मिळणारं अमिट्राझही मांजराला चालत नाही.

गोठ्यात वापरायचं, पाण्यात कालवून गुरांना लावायचं औषध कुत्र्याला फासण्याची पद्धत गावोगाव आहे. मापात चूक झाली, किंवा त्याने ते चाटलं, की त्रास होतो. तो मार्ग मी तरी घेणार नाही.

मग काय घ्यायचं? फिप्रोनिलचे थेंब कुत्र्यांचे वेगळे आणि मांजरांचे वेगळे मिळतात, आणि पिसवांसोबत गोचिडांवरही चालतात. घरात ससा असेल तर मात्र फिप्रोनिल त्याला अजिबात लावू नका, त्याच्यासाठी ते घातक आहे. सेलामेक्टिनचे थेंब महिन्यातून एकदा, मांजरांना चांगले मानवतात. इमिडाक्लोप्रिड पिसवांवर उत्तम, पण नुसतं तेच असेल तर गोचिडांचा प्रश्न तसाच राहतो. कुत्रा अंगणात, रानात फिरणारा असेल तर गोचीडतापाची भीती असतेच, त्यामुळे दोन्हींवर चालणारं घेतलेलं बरं.

कुत्र्यांसाठी चघळायच्या गोळ्याही आहेत: अफॉक्सोलॅनर महिन्याला एक, फ्लुरालॅनर साधारण १२ आठवड्यांना एक. आंघोळीने त्या धुऊन जात नाहीत, आणि घरात रांगतं बाळ असेल तर अंगावर औषधाचा लेप नसणं सोयीचं. पण पिसू चावल्याशिवाय मरत नाही, हे लक्षात ठेवा. या गटातल्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना कंप किंवा आकडी आल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला होता. बहुतेक कुत्र्यांना त्या सोसतात, पण आधी आकडी येऊन गेली असेल तर डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय देऊ नका.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना दुकानातलं काहीही नको. फणी फिरवा, अंगावर भरपूर पिसवा असतील तर डॉक्टरांकडे न्या. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी, कारण इवल्या पिल्लाचं रक्त पिसवा खरोखरच कमी करतात.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. रॉकेल, फिनाइल, कापूर, डांबरगोळ्या: चारही विषारी. जेवणात लसूण घातल्याने पिसवा जात नाहीत, उलट लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. सुगंधी तेलं मांजर अंगावरून चाटून पोटात घेतं. आजीच्या बटव्याबद्दल मला आदर आहे, पण तो माणसांसाठी होता.

थेंब लावायची रीत

आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. डोक्याच्या मागे, मानेवर, जिथे जीभ पोचत नाही तिथे केस दोन बाजूंना करा, कातडी दिसू द्या आणि नळीचं टोक कातडीला टेकवून पिळा. केसांवरच पडलं तर वाया गेलं. सुकेपर्यंत दोन जनावरं एकमेकांपासून वेगळी ठेवा, मुलांना हात लावू देऊ नका.

चुकून मांजराला कुत्र्याचे थेंब लागलेच तर लक्षणांची वाट बघू नका. कोमट पाण्याने, भांडी घासायच्या सौम्य साबणाने धुवा, पुसून उबेत गुंडाळा आणि दवाखाना गाठा. डबी बरोबर न्या. कान फडफडणं, अंग थरथरणं, झोकांड्या जाणं सुरू झालं असेल तर धूत बसू नका, थेट निघा.

आता घर

खरं काम इथे आहे. ढोबळ हिशेब असा की अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या ५ टक्के. उरलेली अंडी, अळ्या आणि कोश घरात. मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते आणि ती मिठाच्या कणांसारखी घरंगळून गोधडीत, सतरंजीखाली, फरशीच्या फटीत जातात. अळ्यांना उजेड नको असतो, म्हणून पलंगाखाली आणि सोफ्याच्या मागे आधी बघा.

जनावराचं अंथरूण आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. रोज केर काढा, व्हॅक्यूम असेल तर फटींतून फिरवा आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका. झुरळांचा फवारा मात्र मांजराच्या बसायच्या जागी मारू नका. त्यातही बहुतेकदा तेच 'थ्रिन' असतं.

औषध लावून दहा दिवस झाले तरी पिसवा दिसतात आणि लोक म्हणतात, औषध बोगस. बहुधा तसं नसतं. कोशातल्या पिसवांवर कुठलंच औषध नीट पोचत नाही, त्या बाहेर येतात, जनावराच्या अंगावर चढतात आणि मग मरतात. म्हणून औषध ठरलेल्या अंतराने निदान तीन महिने चालू ठेवायचं आणि दर आठवड्याला फणी फिरवायची. आमच्याकडे ओल्या कागदावरचं तांबूस वर्तुळ सातव्या आठवड्यात दिसेनासं झालं. तरी तिसऱ्या महिन्याचे थेंब टाकले.

हे कोश महिनोन्‌महिने वाट बघू शकतात, आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब लागली की फुटतात. गणपतीला मुंबईहून येऊन बंद घर उघडलं आणि पायांवर पिसवांची झुंबड चढली, असं कोकणात घडतं ते यामुळेच. ओटीवर एखादी मांजर विऊन गेलेली असते. असं घर उघडायचं असेल तर एकट्याने, पायात मोजे घालून आधी आत जा, सगळीकडे चाला, केर काढा, फरशी पुसा. दोन-तीन दिवस हेच करा. गाद्या आणि भुऱ्या त्यानंतर.