सामोआच्या रग्बी संघाचा इतिहास लिहिताना नोंदवही कशी ठेवावी

प्रत्येक सामन्याला एक ओळ द्या. रकाने सात पुरेत: तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, गुण, गुणांची फोड, कर्णधार, शेरा. यातला फोडीचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तिथेच पुढे चूक होते.

सुरुवात नावापासून करा. जुलै १९९७ पर्यंत देशाचे नाव वेस्टर्न सामोआ होते. संघ तोच, त्यामुळे वही एकच ठेवायची. अमेरिकन सामोआचा संघ मात्र सर्वस्वी वेगळा आहे, त्याचे सामने इथे येऊ देऊ नका.

तारखेचा घोळ पहिल्याच ओळीत भेटतो. पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८ ऑगस्ट १९२४ ला सामोआच्या राजधानीत, अपियात, फिजीशी झाला. फिजी ६-० ने जिंकले. सामना सकाळी सातला ठेवला होता, कारण खेळाडूंना त्यानंतर कामावर जायचे होते. मैदानात चक्क एक झाड उभे होते. तेव्हा सामोआ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पूर्वेला असल्याने अपियात १८ तारीख असताना फिजीत १९ उजाडलेली असे. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस वगळून रेषेची बाजू बदलली. म्हणून त्याआधीच्या अपियातल्या सामन्यांना स्थानिक तारीख लावा आणि शेऱ्यात तसे लिहा. नाहीतर एकच सामना दोनदा नोंदला जातो.

आता गुण. ट्रायला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे) १९७१ पर्यंत ३ गुण होते, मग ४ झाले आणि १९९२ पासून ५. १९९१ च्या विश्वचषकात ६ ऑक्टोबरला कार्डिफ आर्म्स पार्कवर सामोआने वेल्सला १६-१३ असे हरवले, ती ओळ भरून पाहा. कन्व्हर्जन म्हणजे ट्रायनंतरची किक, पेनल्टी म्हणजे नियमभंगाबद्दल मिळालेली किक. सामोआ: २ ट्राय (८), १ कन्व्हर्जन (२), २ पेनल्टी (६), एकूण १६. वेल्स: २ ट्राय, १ कन्व्हर्जन, १ पेनल्टी, एकूण १३. ट्रायला ५ धरले तर १८-१५ येतात आणि बेरीज जुळत नाही. मग लोक कन्व्हर्जन खोडून आकडा जमवतात. तसे कधीही करू नका; आधी वर्ष पाहा. याच विजयाने संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि तिथे मरेफील्डवर स्कॉटलंडकडून ६-२८ असा हरला.

खेळाडूंच्या यादीत ‘आधी किंवा नंतर कोणाकडून’ अशी खूण हवीच. मायकल जोन्स १९८६ मध्ये वेल्सविरुद्ध सामोआकडून खेळले, पुढच्या वर्षी न्यूझीलंडकडून विश्वचषक जिंकले. फ्रँक बन्स १९९१ च्या विश्वचषकात सामोआचे होते, १९९२ पासून न्यूझीलंडचे. देश बदलण्याचे नियम मध्ये कडक झाले. २०२२ पासून तीन वर्षांच्या खंडानंतर जन्माच्या, आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या देशाकडे जाता येते. त्या वर्षानंतरच्या संघात दुसऱ्या देशाचा जुना कसोटीपटू (अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला) दिसला तर ती छापण्यातली चूक समजून खोडू नका.

मैदानाचा रकानाही नीट भरा. न्यूझीलंडचा संघ अपियात पहिला कसोटी सामना खेळला तो थेट ८ जुलै २०१५ ला, आणि २५-१६ एवढ्याच फरकाने जिंकला. परदेशातल्या मोठ्या पराभवांशेजारी हा आकडा ठेवला तर संघाचे खरे बळ दिसते.

१९८७ च्या पहिल्या विश्वचषकाची जागा कोरी ठेवू नका. फिजी आणि टोंगाला निमंत्रण होते, सामोआला नव्हते. एवढे शेऱ्यात स्पष्ट लिहा.