माळशेजला निघण्याआधीची यादी

यादीची सुरुवात स्टेपनीपासून. दोन वर्षांपूर्वी टोकावड्याच्या पुढे पंक्चर झालं, डिकीतलं सगळं सामान रस्त्याकडेला मांडून स्टेपनी काढली, तर तिच्यातच हवा नव्हती. तेव्हापासून आदल्या दिवशी पाचही चाकांची हवा बघतो आणि जॅक, पाना सामानाच्या वर ठेवतो. कूलंट, वायपरचं पाणी, पीयूसी हे दोन मिनिटांचं काम. टाकी ठाण्यातच फुल्ल करून घ्यावी.

अवघड घाट नाही, कल्याण आहे. साडेपाचला माजिवडा सोडलं तर शहाडचा पूल मोकळा मिळतो. साडेसातला निघालात तर नाश्ता पुलावरच. तेव्हा कोण कुठे बसणार हे वादही रात्रीच मिटवा. गाडी लागणाऱ्याला पुढची सीट. आमच्याकडे ती सासूबाईंची, सोबत आलेपाक आणि दोन-तीन जाड पिशव्या.

नवरात्राच्या आसपास जावं. धबधबे बारीक झालेले असतात, पण मुरबाडच्या पुढे महामार्ग ६१ च्या दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागतं, वर कातळावर सोनकी असते आणि पावसाळ्यात धुक्याआड गेलेला हरिश्चंद्रगड समोर स्वच्छ उभा राहतो. ऊन मात्र चटके देतं. टोप्या आणि माणशी दोन लिटर पाणी घ्याच.

आता डबा. पोळ्या दुपारपर्यंत वातड होतात, म्हणून दशम्या. पीठ दुधात भिजवलं की त्या संध्याकाळीही मऊ. सोबत शेंगदाण्याची चटणी. काकड्या अख्ख्या न्यायच्या, सुरी आणि मिठाची पुडी न विसरता. दहीभातात पहाटे दही ओतू नका, जेवेपर्यंत तोंड वाकडं होईल इतका आंबतो. भात मऊ शिजवून कोमट झाला की दूध घालून चांगला सैल करायचा आणि चमचाभरच दही कालवायचं. बारा-साडेबारापर्यंत तो डब्यातच लागतो. तळलेली सांडगी मिरची वेगळ्या डबीत, नाहीतर मऊ पडते. बसायला प्लास्टिकची चटई घ्या. चादर नेलीत तर या दिवसांत गवताची कुसळं आठवडाभर वेचत बसाल.

जेवायला घाटात थांबायचं नाही. वळणावर गाडी लावणं धोक्याचं, दरडीचा भरवसा नाही आणि डबा उघडलेला माकडांना लांबूनही कळतो. घाट चढून खुबी फाट्याकडे गेलं की पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी दिसतं. तिथे सावली शोधा. घाटात फोनला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि सुट्टे पैसे ठेवा.

तीनला परत निघा. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा, ब्रेकवर पाय दाबून नाही, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. अंधार पडला की मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत.

शेवटी दोन रिकाम्या पिशव्या. एक कचऱ्याची. दुसरी, परतीच्या वाटेवर बायका काकड्या घेऊन बसलेल्या असतात, त्यासाठी. मग घरून काकड्या आणल्या कशाला, हे सासूबाई दरवर्षी विचारतात.