दिवस राहायला किती काळ लागतो? गावातल्या सर्वेक्षणात या चुका टाळा

उपकेंद्रातल्या गरोदर मातांची यादी घ्यायची, प्रत्येकीला किती पाळ्या वाट पाहिली ते विचारायचं आणि सरासरी काढायची. विदर्भातल्या खेड्यांत हे सोपं पडतं, म्हणून सर्रास केलं जातं. पण ज्यांना दिवस गेलेच नाहीत त्या बाया त्या यादीत नसतातच. यादी जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीवरून करा. मूल हवं असलेली, गर्भनिरोधक साधन न वापरणारी जोडपी घ्या.

हिशेबापुरतं उदाहरण बघा. 60 जोडपी. पहिल्या चक्रात (एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंत) 15 जणींना दिवस गेले, नंतर 5 जोडपी गाव सोडून गेली. दुसऱ्यात उरलेल्या 40 पैकी 8, मग आणखी 2 जोडपी गेली. तिसऱ्यात 30 पैकी 3. दिवस गेलेल्या 26 जणींची सरासरी निघते साधारण दीड चक्र, आणि अहवालात हाच आकडा छापला जातो. आता प्रत्येक चक्रात दिवस न गेलेल्यांचं प्रमाण गुणत जा: 0.75 × 0.80 × 0.90 = 0.54. तीन चक्रांनंतरही निम्म्याहून जास्त जोडपी वाटच पाहताहेत! कॅप्लान-मायर पद्धत ती हीच. एक्सेलमध्ये सहज होते. गाव सोडलेल्यांना वगळू नका, शेवटची माहिती असेल त्या चक्रापर्यंत धरा. मात्र जोडपं उपचारासाठी नागपूरला गेलं असेल तर सावध राहा. अशांना मुळातच उशीर लागत असतो, त्यामुळे ही पद्धतही चुकीचं गोड उत्तर देते.

25, 20, 10 टक्के ही घसरण पाहून बायांची क्षमता महिन्यागणिक ढासळते असं लिहू नका. लवकर दिवस जाणाऱ्या आधीच बाहेर पडल्या, एवढाच अर्थ. सगळ्यांना एकच शक्यता लावणारं भौमितिक वितरण इथे फसतं, प्रत्येक जोडप्याची शक्यता वेगळी धरणारं बीटा-भौमितिक वापरा.

वाट पाहण्याच्या चौथ्या चक्रात पहिल्यांदा भेटलेलं जोडपं चौथ्यापासूनच भाजकात येतं. आधीची तीन चक्रं त्याच्या नावावर धरली तर शक्यता उगाच कमी दिसते.

प्रश्न विचारतानाच बरंच बिघडतं. “सहा महिने”, “वर्षभर” अशी ठोकळ उत्तरं येतात आणि 6 व 12 वर ढीग साचतो. तान्हा पोळा, दिवाळी, कापसाची पहिली वेचणी असे टप्पे धरून विचारा. सुरुवात लग्नापासून नव्हे, साधन बंद केल्यापासून. नवरा वीटभट्टीवर होता किंवा ती आखाडात माहेरी होती, ते चक्र मोजू नका. हा नियम आकडे पाहण्याआधीच ठरवा. सासूसमोर तर विचारूच नका.

आणि पहिल्याच चक्रात दिवस गेले तर रकान्यात 1 लिहा, 0 नाही.