बाससाठी रबरी गांडूळ गळाला लावताना
अमेरिकेतल्या तळ्यांत मोठ्या तोंडाचा बास मासा पकडण्यासाठी मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ वापरताना ‘टेक्सास रिग’ ही जोडणी पाणवनस्पतींच्या दाटीत सर्वांत भरवशाची ठरते, कारण तिच्यात गळाचे टोक गांडुळाच्या अंगात दडलेले असते. दोरीत आधी गोळीच्या आकाराचे ५ ते ७ ग्रॅमचे वजन ओवून मग गळ बांधावा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर खुपसून बाजूने बाहेर काढावे, डोके गळाच्या नेढ्यापर्यंत सरकवावे, गळ अर्धा फिरवावा आणि टोक पुन्हा अंगात रुतवावे. गांडूळ काडीसारखे सरळ लोंबले पाहिजे. किंचितही दुमडले, तर ते ओढताना गरगरते आणि दोरीला पीळ बसतो. मला तरी बहुतेक अपयशाचे मूळ इथेच दिसते.

आमिष तळाला टेकू द्यावे, काठीच्या टोकाने हलकेच उचलावे आणि पुन्हा पडू द्यावे. मासा बहुधा ते खाली जातानाच घेतो, म्हणून त्या वेळी नजर दोरीवर हवी. टकटक जाणवली किंवा दोरी आडवी सरकू लागली, की ढील गुंडाळून जोरदार हिसका द्यावा. फाटलेली गांडुळे मात्र पाण्यात टाकू नयेत. मासे ती गिळतात.