धूर नेमका कुठला? बेळगाव भागात हवा कशी तपासायची आणि काय करायचं

थंडी सुरू झाली की माझ्या आईचा दमा उठतो. घर बेळगावात अनगोळकडं, उद्यमबाग हा कारखान्यांचा भाग जवळच, त्यामुळं घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं की हा फाउंड्रीचा, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याचा, धूर. दोन वर्षं आम्ही तेच धरून बसलो. मग मी एक दोनशे पानी वही आणली आणि रोज आईचा त्रास, वेळ, वास, वारा असं लिहायला लागलो, तर महिन्याभरात दिसलं की सगळ्यात वाईट वेळ पहाटे साडेपाच ते आठची आहे, आणि सुट्टीच्या दिवशी पण तेवढीच वाईट. त्या वेळी आमच्या गल्लीत घरोघरी पाणी तापवायचे बंब पेटलेले असतात आणि त्यात लाकडाबरोबर प्लॅस्टिक, रबर, फाटक्या चपला काय वाट्टेल ते जातंय. फाउंड्रीच्या धुळीचा वाटा होताच, पण तो दुपारनंतर, आणि ती धूळ पण वेगळी. दोन्हीचा उपाय वेगळा, सांगायची जागा पण वेगळी. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या लोकांसाठी हे लिहितोय.

पहिलं मोबाईलमधल्या आकड्याबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथंच होतो. एकाच हवेला एक अ‍ॅप ८३ दाखवतं आणि दुसरं १३७, आणि लोक म्हणतात सगळं खोटं. खोटं नसतंय, दोघांची मोजपट्टी वेगळी असते. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक कण, जे फुप्फुसात पार खोल जातात. ते हवेत ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असले तर आपल्या भारतीय पट्टीवर एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक) ८३ च्या आसपास येतो, म्हणजे 'समाधानकारक', आणि अमेरिकन पट्टीवर तोच १३७ च्या आसपास. बऱ्याच परदेशी अ‍ॅपमध्ये अमेरिकन पट्टी असते. केंद्रीय प्रदूषण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप आपल्या पट्टीवर चालतं. माझं ऐकाल तर एक्यूआय बाजूला ठेवा आणि सरळ मायक्रोग्रॅमचा आकडा वहीत लिहा. आपल्या देशाची २००९ ची मर्यादा पीएम २.५ साठी २४ तासांच्या सरासरीला ६० आणि वर्षाच्या सरासरीला ४०, पीएम १० साठी, म्हणजे त्याहून जरा जाड कणांसाठी, १०० आणि ६०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ साठी सांगितलेलं २४ तासांचं १५ आणि वर्षाचं फक्त ५. म्हणजे 'समाधानकारक' दिसलं म्हणून दम्याच्या माणसाला त्रास होणार नाही असं काही नाही. आणि अ‍ॅपमधलं स्टेशन तुमच्या घरापासून किती लांब आहे ते पण बघा, चार-पाच किलोमीटरवर हवा पूर्ण वेगळी असू शकते.

घरी हवेतली धूळ मोजणारा छोटा लेझर सेन्सर घेतलात तर तो श्वासाच्या उंचीवर, साधारण दीड-दोन मीटरवर, सावलीत ठेवा. स्वयंपाकघराची खिडकी, उदबत्ती, बंबाची चिमणी यापासून लांब. आपल्याकडं पावसाळा किती ओला असतो माहीतच आहे, तर धुक्यात किंवा दमट हवेत हे सेन्सर पाण्याच्या थेंबांना पण धूळ समजतात आणि आकडा फुगतो, म्हणून जून ते सप्टेंबरचे आकडे जपून धरा. शक्य असेल तर ओळखीतल्या कुणाचा सेन्सर आणून दोन्ही एक दिवस शेजारी ठेवा, दोघांच्यात किती फरक पडतोय ते कळतं. आणि एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका, कमीत कमी दोन आठवडे लिहा, सुट्टीचे दिवस त्यात आले पाहिजेत.

सेन्सर नसला तरी अडत नाही. गच्चीवर एक पांढरं ताट आठवडाभर ठेवा, पाऊस नसताना, आणि जमलेली धूळ बघा. लोहचुंबक पातळ पॉलिथिनच्या पिशवीत घालून त्यावरनं फिरवा. भरपूर काळे कण चिकटले तर कास्टिंग, ग्राइंडिंगकडचं लोखंड असण्याचा संशय धरायचा (आपल्या लाल मातीत पण थोडं चिकटणारं असतंय, म्हणून गावाबाहेरच्या लांबच्या घरातलं एक ताट तुलनेला घ्याच). हलक्या काळ्या काड्या, बोटानं चोळल्यावर काजळी होणाऱ्या, त्या बहुतेक उसाच्या जाळलेल्या पाचटाच्या नाहीतर साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या. चिकोडी, रायबाग, अथणीकडं गळीत हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर हेच पडतं. लाल-तपकिरी असली तर रस्ता, वीटभट्टी नाहीतर खडीचं क्रशर. ही पद्धत लॅबची नाही, पण कुठल्या दिशेला बोट दाखवायचं ते कळतं. आणि एक ध्यानात ठेवा, ताटावर पडते ती जाड धूळ, फुप्फुसात जाणारी बारीक धूळ दिसत नाही, त्यामुळं ताट स्वच्छ म्हणून हवा स्वच्छ असं नाही.

वारा लिहायला विसरू नका, माझ्या मते सगळ्यात जास्त तोच सांगतो. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडनं, थंडीत बहुतेक पूर्वेकडनं, म्हणजे एकाच कारखान्याचा त्रास थंडीत एका वाडीला आणि पावसाळ्यात दुसऱ्या वाडीला. गच्चीवर उदबत्ती लावून धूर कुठं जातोय ते बघा आणि दिशा लिहा, दोन मिनिटांचं काम. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम असते, मग धूर वर जातच नाही, झाकण ठेवल्यासारखा खालीच पसरतो. ऊन वर आलं की ते झाकण निघतं. म्हणूनच आईची खोली आता सकाळी नऊपर्यंत बंद असते आणि अकरा ते तीन सगळ्या खिडक्या उघड्या.

घरात आणखी काय करायचं तर झाडायच्या आधी फरशी ओल्या फडक्यानं पुसा, कोरडा झाडू मारला की बसलेली धूळ परत उठते. मास्क लावायचा तर एन९५, नाकाला घट्ट बसणारा, ओढणी-रुमालानं बारीक धूळ अडत नाही. पण एन९५ नं गॅस पण अडत नाही, तिखट वास येतोय, डोळे चुरचुरतायत तर मास्कवर विसंबू नका, तिथनं बाजूला व्हा. बंबाबद्दल आम्ही गल्लीत चार घरं एकत्र बसून बोललो, भांडण न करता, प्लॅस्टिक-रबर घालायचं नाही एवढंच ठरवलं, आणि पहाटेचा तो जळका वास खरंच कमी झाला.

आता फाउंड्रीत काम करणाऱ्यांसाठी, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बाहेरच्यांपेक्षा आतली पोरं किती तरी पट जास्त धूळ खातात. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका. नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), शॉट ब्लास्टिंगला (छर्रे मारून साफ करणं) तिची इतकी बारीक धूळ उडते की दिसत पण नाही, आणि वर्षानुवर्षं ती आत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, जो बरा होत नाही. कायद्यानं तो नोंद करायलाच पाहिजे अशा आजारांत आहे. त्यामुळं कॉम्प्रेसरच्या हवेनं अंग आणि कपडे झटकू नका, तीच धूळ परत नाकात जाते. कपडे तिथंच बदला, घरी पोराबाळांत आणू नका. मालकाकडं धूळ ओढणारी लाईन आणि बॅग फिल्टर (धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या) चालू ठेवायला सांगा, नुसता बसवून बंद ठेवलेला फिल्टर काय कामाचा. छातीचा एक्स-रे वर्षातनं एकदा काढा आणि डॉक्टरनं विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा की मी वाळूत काम करतो, नाहीतर टीबी म्हणून औषधं सुरू व्हायची भीती असते.

शेतकरी भावांना एवढंच, उसाचं हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, ते पेटवण्यापेक्षा सरीत दाबा, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवायचं जिवाणू कल्चर टाका. पाणी कमी लागतं, तण कमी येतं.

तक्रार करायची तर वहीतली पंधरा दिवसांची नोंद आणि वेळ-तारखेचे फोटो लावून करा. 'खूप प्रदूषण आहे' असं लिहिलेला अर्ज कुठंच जात नाही, माझा पहिला अर्ज असाच पडून राहिला. 'अमुक तारखांना रात्री अकरा ते दोन, वारा पूर्वेचा, चिमणीतनं काळा धूर' असं लिहिलं की तपासायला येणाऱ्याला कधी यायचं ते कळतं. कचरा जाळत असतील तर महानगरपालिका किंवा ग्रामपंचायत, कारखाना असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं बेळगावचं कार्यालय. अर्ज कन्नडमधून लिहून घ्या, ओळखीतला कुणीतरी देतोच लिहून, काम लवकर हलतं, आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. १९८१ च्या हवा कायद्याखाली अशा कारखान्याला चालवायची संमती घ्यावी लागते आणि त्या संमतीपत्रात चिमणीची उंची, धुळीची मर्यादा अशा अटी असतात, ते पत्र माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. साखर कारखान्यासारख्या मोठ्या प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना चिमणीवर ऑनलाईन मीटर बसवायला लावलेत, त्याचे आकडे पण मागा आणि तुमच्या वहीतल्या तारखांशी जुळवून बघा.

आणि मोठा नवा प्रकल्प येतोय, त्याची पर्यावरण सुनावणी (लोकांचं म्हणणं ऐकायची सभा) आहे असं पेपरात दिसलं तर जाच. नोटीस ३० दिवस आधी यायला लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळतो. त्यात हवा कुठल्या महिन्यात आणि कुठल्या गावात मोजली ते आधी काढा. ऐन पावसाळ्यात मोजली असेल, किंवा थंडीत वारा जिकडं वाहतो त्या बाजूचं गावच सोडलं असेल, तर तेवढाच मुद्दा लेखी द्या, वहीची झेरॉक्स जोडा, आणि सुनावणीच्या नोंदीत तो आला का ते तिथंच थांबून बघा.